इशारा मिळूनही लोक घर का सोडत नाहीत?

तुम्ही विचारलंय की वादळाचा, पुराचा इशारा वेळेत मिळूनही माणसं घरात बसून राहतात, ती मूर्ख असतात की हट्टी? मला वाटतं, बहुतेक जण दोन्ही नसतात.

एकदा ऑफिसात आगीचा अलार्म वाजला. मी उठलो नाही. आधी शेजारच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहत होता. कुणीतरी म्हणालं, "चाचणी असेल." दोन-तीन मिनिटं अशीच गेली. सुदैवाने चाचणीच निघाली, पण ती दोन-तीन मिनिटं माझ्या मनातून गेलेली नाहीत. इशारा ऐकला की माणूस आधी पळत नाही, खातरजमा करतो: खिडकीतून डोकावतो, भावाला फोन लावतो, शेजारी काय करतोय ते बघतो. शेजाऱ्याने सामान बांधायला घेतलं की आपणही बांधतो. तो चहा पीत बसला असेल, तर आपणही बसतो.

दुसरं म्हणजे आकडे. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर जपानच्या हवामान संस्थेने 3 मिनिटांत त्सुनामीचा इशारा दिला. हे मोठंच काम, पण पहिल्या अंदाजात काही किनाऱ्यांवर लाट 3 मीटरची सांगितली होती. समोर समुद्र अडवायला बांधलेली त्याहून उंच भिंत दिसत असेल तर माणूस काय ठरवेल? अंदाज नंतर वाढवला गेला, पण तोवर वीज गेली होती आणि पुष्कळांपर्यंत नवा आकडा पोचलाच नाही. म्हणून 2013 पासून, फार मोठा भूकंप असला आणि नेमकं मोजमाप हाती नसलं, तर तिथे पहिल्या इशाऱ्यात मीटर न सांगता थेट 'प्रचंड' असा शब्द वापरतात. चुकीच्या नेमकेपणापेक्षा हे बरं.

"मागच्या वेळी कुठे काय झालं?" हेही असतंच. मागच्या वेळी नशिबाने वाचलो, हे कुणी हिशेबात धरत नाही.

पण सगळ्यात कमी बोललं जातं ते मागे काय सोडून जायचं याबद्दल. बांगलादेशात 1970 च्या चक्रीवादळात लाखो माणसं गेली. तिथे नंतर माणसांसाठी निवारे बांधले, तशी गुरांसाठी मातीची उंच टेकाडंही उभारली, कारण दावणीला गाय असताना शेतकरी निघत नाही. अमेरिकेत 2005 च्या कतरिना वादळात कुत्र्या-मांजरांपायी घर न सोडणारे पुष्कळ होते. 2006 मध्ये तिथे कायदाच झाला की स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. गाय काय, मांजर काय, अडचण एकच. त्यात घरी अंथरुणाला खिळलेली आई असली, रोजचं हातावर पोट असलं, चोरीची भीती असली, की "धोका आहे" हे वाक्य दहा वेळा ऐकवून काही उपयोग नाही. त्या माणसाला ते पहिल्याच वेळी कळलेलं असतं.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर "ऐकत का नाही?" असं विचारू नका. "निघायचं ठरवलं तर काय अडतंय?" असं विचारा. आणि जमलं तर त्यांच्या देखत आपली पिशवी भरायला घ्या.