शरदात पानं गळत नाहीत

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या जंगलात लालभडक मेपल पाहिले, टिपण लिहिताना 'शरदातली पानगळ' म्हणू की 'शिशिरातली'? आणि त्या रंगांच्या दिवसांना मराठीत शब्द आहे का?

ऑक्टोबर असेल तर तिथे 'शरद' लिहा, काही बिघडत नाही. डोकं उठतं ते इथलं वाचून. ताडोब्याचा गाभा पावसाळ्यानंतर १ ऑक्टोबरला उघडतो, की लगेच सहलवाल्यांची जाहिरात: 'शरदाची पानगळ अनुभवा'! अहो, आश्विन-कार्तिकात, म्हणजे शरदात, तिथे गवत कमरेच्या वर, साग-ऐन हिरवेगार. दहा पावलांवरचं चितळ शेपूट हललं तरच कळतं. पानं झडतात माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिरात. तेव्हा सागाच्या वाळक्या पानांवरून नुसतं मुंगूस गेलं तरी चर्रचर्र ऐकू येतं. शिवाय आपल्याकडची लाली जाणाऱ्या पानांपेक्षा येणाऱ्या पानांची जास्त. चैत्राच्या तोंडावर कुसुमाचं झाड बघा.

यावर पंडित लोक व्याकरण काढतात. संस्कृत धातू 'शॄ' म्हणजे मोडणं-तोडणं, 'शीर्ण' त्यातलाच, म्हणून शरद म्हणजे पानं तुटण्याचा काळ. व्युत्पत्ती जुनी आहे, कबूल. पण धातूत पान कुठे आहे? तुटायचंच तर त्या दिवसांत ढग तुटतात. माझं मत विचाराल तर कापणीला आलेलं पीकच.

खरी गंमत पुढे आहे. शरद म्हणजे अख्खं वर्षसुद्धा. 'जीवेम शरदः शतम्' आपण म्हणतोच, आणि अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशानेही वर्षाच्या पर्यायांत 'शरत्' दिलाय. याच शब्दाचं इराणी भावंड पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, 'सरद' असं भेटतं आणि फारसीत झिजून होतं 'साल'! म्हणजे सालाबाद, सालोसाल, सालगडी या सगळ्यांत शरद दडलाय. पाडव्याला वर्षभरासाठी सालगडी ठेवणारा शेतकरी नकळत शरदच मोजत असतो. 'झाडाला दरवर्षी एक वलय येतं, म्हणून साल' असं एका व्याख्यानात छातीठोकपणे सांगितलेलं मी ऐकलंय. वलयं लाकडात असतात हो, सालीत नाही! ती साल वेगळी, ही साल वेगळी.

आणि 'सर्दी'? फारसी 'सर्द'वरून आलेली. कानाला शरदाची वाटते, पण भाषाशास्त्रज्ञ तिचं नातं लावतात शिशिराशी. म्हणजे पानगळही त्याची आणि वाहतं नाकही त्याचंच.

रंगांच्या दिवसांना शब्द राहिलाच. तयार नाम मला तरी माहीत नाही, पण क्रियापद आहे. आपल्याकडे पान रंग बदलत नाही, पिकतं. 'मेपल पिकलेत' असं लिहा.