आधी नोंदवह्या उघडून बघ

प्रिय डॉक्टर,
सप्रेम आशीर्वाद.

वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णांच्या बद्धकोष्ठतेवर चार जिल्ह्यांतली केंद्रं मिळून अभ्यास करायचा, हा तुझा विचार मला मनापासून पटला. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातल्या रुग्णांचा त्रास हलका करण्याच्या कामात, एकट्या केंद्राच्या बळावर असा अभ्यास तडीस जाणं अवघड. आज नाव नोंदवलेला रुग्ण पुढच्या भेटीला बोलण्याच्या अवस्थेत असेलच असं नाही. कुणाला घरचे गावी नेतात, कुणी जातं. हाती उरलेल्या मोजक्या नोंदींवरून ठाम काही सांगता येत नाही.

पण प्रस्ताव तयार करून मग सह्या मागत फिरू नकोस. आधी प्रत्येक केंद्रात जा, नोंदवह्या उघडून बघ. एकीकडे नुसतं 'शौचास त्रास' लिहिलेलं असेल, दुसरीकडे शेवटचं पोट साफ झाल्याची तारीख, तिसरीकडे फक्त रेचकाचं नाव. हे एका तक्त्यात बसवायचं कसं? म्हणून चारही ठिकाणच्या नर्सना एकत्र बसव आणि काय, कधी, कसं विचारायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घे. गृहभेटीला त्याच जातात. सुनेसमोर विचारलं तर आजी 'बरं आहे' म्हणणार, सून पाणी आणायला आत गेली की खरं सांगणार, हे त्यांना पाठ असतं. प्रश्न विचारताना जवळ कोण होतं, यासाठी तक्त्यात एक रकाना ठेवच.

मॉर्फिनचा साठा संपला होता का, हेही नोंदवायला सांग. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना परवान्यांची कटकट कमी झाली, तरी औषध सगळीकडे सारखं मिळत नाही. खंड पडलेल्या रुग्णाचे आकडे इतरांत मिसळले तर निष्कर्षच चुकेल.

अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीची फार धास्ती घेऊ नकोस. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनेक केंद्रांच्या अभ्यासासाठी सामाईक परीक्षणाची सोय आहे.

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या संस्थांकडून संख्याशास्त्रज्ञाची मदत जरूर माग, प्रश्न मात्र तुमचाच राहू दे. केरळात १९९३ पासून कोझिकोडच्या मंडळींनी पॅलिएटिव्ह केअरचं जे काम उभं केलं, ते गावोगावच्या स्वयंसेवकांच्या जिवावर. संशोधनातही लहान केंद्राला नुसतं माहिती पुरवायला लावलं की ते दुसऱ्या वेळी येत नाही, आणि का यावं? शोधनिबंधावर कुणाकुणाची नावं येणार हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेव. प्रश्नावली घडवणाऱ्या, नोंदींचा अर्थ लावायला बसणाऱ्या नर्सचं नाव लेखकांत हवं. शेवटच्या आभारात नको. दर तिमाहीला ज्याचे त्याचे आकडे त्या त्या केंद्राला परत पाठव, म्हणजे निबंध छापून यायच्या आधीच त्यांना आपल्या रुग्णांसाठी काही बदलता येईल.

पहिली बैठक सर्वांत लहान केंद्रात घे, आणि नर्सच्या प्रवासखर्चाची तजवीज आधीच कर. तारीख ठरली की कळव. मी येतो.

तुझा,
सर