धाडस, साहस, धैर्य, हिंमत यांत नेमका फरक काय? आणि 'रिस्क घेणारा माणूस' याला चांगला मराठी शब्द कोणता?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या मालकाची ओळख मराठीत लिहायची आहे आणि तिथे 'डेरिंगबाज' चालेल का. नाही चालणार. खरं तर तो शब्द दिसला म्हणूनच लिहायला बसले, नाहीतर हे चार अर्थ कुठल्याही शब्दकोशात सापडतील.

जन्म ठाण्यात गेला, त्यामुळे 'डेरिंग' ऐकून कान किटलेत. लोकलच्या दारात लटकणाऱ्यात डेरिंग, फाटक बंद असताना रूळ ओलांडणाऱ्यात डेरिंग, नोकरी सोडून दुकान टाकणाऱ्यात डेरिंग आणि बायकोला न विचारता घर गहाण ठेवणाऱ्यातही डेरिंगच. मराठीत या चौघांना एका शब्दात कोंबता येत नाही. पहिल्या दोघांना तर आमच्या आईने आचरट म्हटलं असतं.

आता माझं दुखणं. २०१२ साली ठाण्यात दहीहंडीला जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनेसमध्ये नोंद झाली. त्यानंतर आमच्याकडे गल्लीतल्या पथकालाही एक थर जास्त हवासा झाला. आमचे धाकटे दीर अशाच एका पथकाचे कर्तेधर्ते. पुढच्या वर्षी गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला आणि भाऊजींची नजर माझ्या मुलावर गेली. तो तिसरीत, अंगाने काडी. सगळ्यात वर एकटा चढतो तो एक्का, त्याला असंच हलकं पोर लागतं. मला न विचारता दोन-तीनदा त्याला मैदानावर नेलं. कोपर सोलून घरी आला तेव्हा मला कळलं.

रात्री सगळे जेवायला बसलेले असताना मी विषय काढला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पोरात डेरिंग आहे, तुम्ही ते मारताय." सासूबाई म्हणाल्या, "देवाचं काम आहे, देव बघेल." आमचे हे आमटीकडे बघत होते. मी म्हटलं, "भाऊजी, डेरिंग तुमचं आहे. वर चढणार तो, पडला तर हात मोडणार त्याचा, आणि फ्लेक्सवर फोटो तुमचा." तेव्हापासून त्या घरात मी 'घाबरट वहिनी'. अजूनही आहे.

पण त्या रात्री मला धाडसाचा अर्थ जो कळला तो असा: धाडस दुसऱ्याला देता येत नाही. हिंमत देता येते, धीर देता येतो, 'तिने मला हिंमत दिली' हे रोजचं वाक्य आहे. 'त्याने मला धाडस दिलं' म्हणून बघा, जीभ अडते. धाडस ज्याचं त्यालाच करावं लागतं, समोर काय आहे ते कळत असताना. आठ वर्षांच्या मुलाला पाचव्या थरावरून खाली काय दिसतं? काका दिसतो.

जोखमीचं उलट आहे. ती पत्करता येते, उचलता येते आणि दुसऱ्याच्या अंगावर टाकताही येते. जुनी माणसं दागिने, रोकड यांनाही जोखीम म्हणायची: 'जोखीम बरोबर आहे, रात्रीचं जाऊ नको.' म्हणजे सांभाळायची वस्तू. मी एका बँकेत कर्जखात्यात बसते. एकाने उचललेली जोखीम दुसऱ्याने फेडायची वेळ येते, त्या दुसऱ्याला आमच्याकडे जामीनदार म्हणतात, आणि त्याची निदान सही तरी घेतात.

साहस हा शब्द आज छान वाटतो, पण त्याचा पूर्वेतिहास बरा नाही. सहस् म्हणजे बळ, आणि स्मृतिग्रंथांत साहस हा चक्क गुन्हा, जोरजबरीने केलेलं कृत्य. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव: मनुस्मृतीत प्रथम साहस २५० पण (तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला तेव्हा मी भाऊजींना हे ऐकवलं. ते हसले नाहीत.

धैर्य म्हणजे टिकून राहणं, त्यात उडी नसते. आजारपण काढणाऱ्या माणसाला धैर्याचा म्हणतात, धाडसी म्हणत नाहीत. हिंमत अरबी-फारसीतून आली आणि ती खचते, बांधावी लागते. धारिष्ट बहुतेक 'झालं नाही' याच्याबरोबरच येतं. बिनधास्त म्हणजे ज्याला धास्तीच नाही, म्हणून त्यात कौतुक थोडं कमी.

कोर्टाचं म्हणाल तर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्यांना बंदी केली आणि उंची २० फुटांवर आणली. मग सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन-येऊन २०१७ मध्ये वय १४ ठरलं, उंचीची अट गेली. म्हणजे तिसरीतलं पोर कुठल्याही हिशेबात बसत नव्हतं. भाऊजी म्हणतात, कोर्टाला आपला सण कळत नाही.

पथकातल्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही, हे सांगायला हवं. थर लावण्यापेक्षा ते न कोसळता उतरवणं अवघड असतं. माझा मुलगा अठरावं लागल्यावर आपणहून पथकात गेला, दुसऱ्या थरात उभा राहतो. मी अडवलं नाही. भाऊजींचं म्हणणं, तेव्हाच सोडला असतात तर एक्का झाला असता.

मी काही भाषेची अभ्यासक नाही. बोलताना लोक धाडस आणि साहस सर्रास एकाच अर्थाने वापरतात, गिर्यारोहणाला साहसी म्हटलं तर कुणी वाकडं बघणार नाही.

तुमच्या मालकांसाठी 'जोखीम पत्करणारे' लिहा. पण आधी त्यांच्या कर्जाला जामीन कोण राहिलंय ते विचारून घ्या. सासरे असतील तर 'धडाडीचे' एवढ्यावर भागवा.