शिकवत राहिले तर लिहिणं संपेल का?

संगीत शिकवून घर चालवणारे आणि सोबत स्वतःचं नवं संगीत लिहू पाहणारे लोक समुपदेशनाला येतात, तेव्हा बहुतेकांची चिंता एकच असते: या शिकवण्यांत माझ्यातला रचनाकार संपत चाललाय का? इथे ज्यांची गोष्ट सांगतोय, त्या एका संगीतशाळेत पियानो आणि रचना शिकवतात. त्यांच्या संमतीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितोय.

त्या आल्या तेव्हा राजीनाम्याचा मसुदा तयार होता. त्या लिहीत असलेलं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) दुसऱ्या भागात अडकून पडलं होतं आणि सगळं खापर वेळेच्या कमतरतेवर फुटत होतं.

पैशाचा प्रश्न लवकर निपटला. रचनेचे पैसे कसे येतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मानधनाचा काही भाग करार करताना मिळतो, बाकीचा स्वरलिपी हाती दिल्यावर, आणि रॉयल्टी कधी तरी, प्रयोग होऊन बरेच महिने उलटल्यावर. पगाराशिवाय किती दिवस निघतील याचा हिशेब त्यांनी माझ्यासमोरच केला आणि राजीनामा तूर्त बाजूला ठेवला.

मग मी त्यांना एक नोंदवही ठेवायला सांगितली. तास मोजू नका, त्या-त्या तासात कान काय करत होता तेवढं लिहा. (हे सगळ्यांना मानवत नाही. काहीजण नोंदवहीवरच चिडतात.) वही परत आली तेव्हा दिसलं की आठवड्यात दोन सकाळी चक्क मोकळ्या होत्या. दुपारनंतरच्या पानांवर मात्र एकच शब्द पुन:पुन्हा होता: दुरुस्ती. लय चुकली, बोट चुकलं, स्वर चुकला. घरी येऊन त्या कागद पुढे घ्यायच्या तेव्हाही तोच कान चालू असायचा. दोन मापं (तालाची आवर्तनं म्हणा) लिहायची, तिसऱ्या मापाआधी पहिलं खोडायचं.

"विद्यार्थ्याला मी असं कधीच करू देणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग स्वतःला का करू देता?" मी विचारलं. त्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या आठवड्यापासून लिहिण्याची वेळ बदलली. मोकळ्या सकाळी, पहिल्या शिकवणीच्या आधी, पियानोला हात न लावता लिहायचं. लिहिलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत तपासायचं नाही.

याहून अवघड गोष्ट पुढेच होती. नोंदवहीत सर्वांत रितं करणारा तास पियानोचा नव्हता, रचनेच्या वर्गाचा होता. विद्यार्थ्याची रचना अडली की त्या आपली सगळ्यात ताजी कल्पना देऊन तिची सुटका करायच्या. अशानं स्वतःसाठी काय उरणार?

इथे मी त्यांना हंगेरियन रचनाकार बार्टोकची आठवण करून दिली. १९०७ पासून बुडापेस्टच्या संगीत अकादमीत ते पियानो शिकवत होते, रचना शिकवायला मात्र त्यांनी आयुष्यभर नकार दिला. हंगेरीचेच रचनाकार कुर्टाग यांनीही त्याच संस्थेत पियानो आणि चेंबर म्युझिकच (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत) शिकवलं. त्यांना हे पटलं, पण लगेच उलट उदाहरणही आलं: फ्रेंच रचनाकार मेसियाँ! १९४१ ते १९७८ पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआर या संगीतसंस्थेत शिकवलं, पुढे नावाजलेले रचनाकार बुलेझ आणि झेनाकिस त्यांच्या वर्गात बसले, तरी त्यांचं लिहिणं थांबलं नाही. बरोबरच आहे. म्हणून मी याचा नियम करत नाही. कुणाला रचनेचा वर्ग भरून काढतो, कुणाला उपसून टाकतो, आणि आपण कोणत्या प्रकारचे हे ज्यानं त्यानं ओळखायचं. या बाईंच्या वहीनं निकाल दिलाच होता. शाळेशी बोलून त्यांनी सत्रापुरता तो वर्ग एका सहकाऱ्याला दिला आणि चेंबर म्युझिकचा गट घेतला.

त्या गटासाठी त्यांनी छोट्या रचना लिहायला घेतल्या. हा मार्ग जुना आहे. इंग्रज रचनाकार होल्स्ट १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होते, आणि शाळेच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेला त्यांचा 'सेंट पॉल्स सूट' आजही वाजतो. 'द प्लॅनेट्स' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं वाद्यवृंदाचं संगीतही त्याच नोकरीच्या काळातलं, रविवारी आणि सुट्ट्यांत शाळेच्या ध्वनिरोधक खोलीत बसून लिहिलेलं. मुलांसाठी लिहिताना हुकमी वादक मिळतात, महिन्याभरात रचना कानावर पडते, आणि अवघड जागी ती का कोसळते हे डोळ्यांसमोर दिसतं. समकालीन संगीत लिहिणाऱ्याला ही चैन सहसा मिळत नाही.

पण यात लपून बसायलाही छान जागा आहे. काही महिन्यांनी मी क्वार्टेटचं विचारलं, तेव्हा त्या मुलांच्या रचनांबद्दलच बोलत राहिल्या. मुलांच्या रचनेला कुणी समीक्षक येत नाही. मी तसं म्हटल्यावर त्या जरा रागावल्या. पुढच्या भेटीला मात्र सांगितलं की दुसरा भाग काढूनच टाकलाय, रचना आता एकाच भागाची आहे, आणि चार मित्र ती वाजवून दाखवायला तयार आहेत.

आणखी एक गोष्ट मी अशा प्रत्येकाला तपासायला लावतो: नेमणुकीचं पत्र. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा हक्क कित्येक देशांत मुळात मालकाकडे जातो. शाळेच्या गटासाठी लिहिलेली रचना यात येते की नाही, हे आधीच लेखी ठरवलेलं बरं. त्यांच्या पत्रात त्याबद्दल अक्षरही नव्हतं. त्यांनी एक ओळ वाढवून घेतली.

अलीकडे त्यांचा प्रश्न वेगळा होता. एका वाद्यवृंदानं नवी रचना मागितली होती आणि ती द्यायची तारीख नेमकी परीक्षांच्या आठवड्यात. नाही म्हणायची भीती वाटत होती. मी सांगितलं, नाही म्हणू नका, सही करण्याआधी तारीख बदलून मागा. कार्यक्रम खूप आधी ठरतात, त्यामुळे सुरुवातीला तारीख हलते. सराव लागल्यावर हलत नाही. सुट्टीच्या शेवटची तारीख मिळाली आहे.