फुकटचे 5 लाख मिळत असताना कंपनीचा विमा चालू ठेवू का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीतून मी साठाव्या वर्षी निवृत्त होतोय. निवृत्तांसाठी आम्हा दोघांना मिळून 3 लाखांचा समूह विमा आहे, पण वर्षाचे 28,000 रुपये आता मला भरावे लागतील. पत्नी 57 वर्षांची, तिला मधुमेह आहे. रेशनकार्डावर सरकारी योजना असताना हा खर्च कशाला?

उत्तर : आत्ता सोडू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डालाही कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, जुन्या आजारालाही थांबावं लागत नाही. योजनेचं कार्ड जरूर काढा. आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळतात का तेही आधीच बघा, नाहीतर पेशंट दाखल झाल्यावर धावपळ होते. पण योजना ठरलेल्या उपचारांना, ठरलेल्या रुग्णालयांतच चालते. पत्नीचे मिरजेतले डॉक्टर जिथे ॲडमिट करतात ते रुग्णालय यादीत नसेल, तर बिल तुमच्या खिशातून. सत्तरीनंतर उत्पन्न न बघता मिळणाऱ्या वय वंदना कार्डाला (ज्येष्ठांचं मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) तुम्हाला दहा वर्षं अवकाश आहे, पत्नीला तेरा.

विमा आज सोडून उद्या नवा घेतलात, तर मधुमेहासाठी 3 वर्षांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. माझी खरी काळजी तीच आहे.

तरी समूह विमा आयुष्यभर पुरेल असं धरू नका. कंपनी तो कधीही बंद करू शकते. म्हणून निवृत्तीच्या दोन महिने आधी एचआरकडून पॉलिसीची प्रत आणि किती वर्षं विमा होता त्याचं पत्र घ्या. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा. झालेली प्रतीक्षा जमा धरली जाते, मात्र जुन्या 3 लाखांपुरतीच. 10 लाखांची घेतलीत तर वरच्या 7 लाखांना प्रतीक्षा नव्याने सुरू होते. अर्जात मधुमेह लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो.

पॉलिसीच्या प्रतीत खोलीभाड्याची अट शोधा. मर्यादा दिवसाला 3,000 आणि खोली घेतली 5,000 ची, तर नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत. सर्जन, ऑपरेशन थिएटर असे खर्चही 60 टक्केच मंजूर होतात. 1 लाखामागे 40,000 तुमच्या खिशातून. औषधं आणि इम्प्लांट यातून वगळलेले असतात.

दोन्ही हप्त्यांची तुलना करताना जीएसटी बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर तो शून्य आहे, समूह विम्यावर अजून 18 टक्के. 28,000 मध्ये तो धरलाय का, एवढं एचआरला विचारा. फरक थोडाच निघाला तर वैयक्तिक पॉलिसी घ्या आणि ती हातात पडेपर्यंत समूह विमा चालू ठेवा.