जहाजावरचे जेवण : वाचकांचे प्रश्न

क्रूझ सहलींविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे जेवणाविषयीच आहेत. काही प्रश्न सारखेच असल्याने ते एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न (पुणे) : आम्ही पाचजण डिसेंबरमध्ये सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जात आहोत. आम्ही सारे शाकाहारी आहोत आणि सासूबाई कांदा, लसूण व कंदमुळे खात नाहीत. ‘जहाजावर सगळं मिळतं, काळजी करू नका,’ असे एजंट म्हणतो. शिवाय बुफेत इतके पदार्थ असताना डायनिंग रूममध्ये दीड-दोन तास कशाला बसायचे, असे मुलाचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल?

उत्तर : जहाजावर बरेच काही मिळते, पण ते वेळेत मागणाऱ्याला मिळते, हे एजंटने सांगायला हवे होते. दोन-तीन हजार माणसांचे रात्रीचे जेवण तासा-दोन तासांत टेबलांवर पोहोचवायचे असल्यामुळे जहाजाच्या स्वयंपाकघरात, म्हणजे गॅलीत, आयत्या वेळी फार थोड्या गोष्टी होतात. भाज्या कोठारातून किती काढायच्या हे आधी ठरते, ग्रेव्ह्या मोठ्या प्रमाणावर आधीच शिजवून ठेवलेल्या असतात आणि भारतीय ग्रेव्हीच्या मुळाशी तर कांदाच असतो. अशा वेळी रात्री साडेआठला टेबलावर बसून ‘कांद्याशिवाय द्या’ असे सांगितले, तर वेटर कितीही भला असला तरी त्याच्या हातात उकडलेल्या भाज्या आणि भात यांपलीकडे फारसे काही उरत नाही. मग घरी परतल्यावर जहाजाच्या नावाने बोटे मोडली जातात. त्यात निम्मा दोष न सांगणाऱ्याचा असतो.

म्हणून सासूबाईंच्या आहाराची नोंद बुकिंगमध्येच, निघण्याच्या किमान महिना-दीड महिना आधी करून घ्यावी. एजंटने फोनवर ‘नोंदवलंय’ म्हणणे पुरेसे नाही. कंपनीकडून आलेला लेखी दुजोरा मागावा आणि तो छापून सोबत ठेवावा. ‘शाकाहारी’ एवढाच शब्द लिहून थांबू नये. परदेशी आचाऱ्याच्या लेखी बटाटा आणि गाजर या शाकाहारातल्या पहिल्या भाज्या आहेत. त्यामुळे ‘जैन’ या शब्दापुढे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, आले अशी वर्ज्य पदार्थांची नावेही लिहावीत. आपल्याला अंडे चालते की नाही, तेही स्पष्ट करावे.

दुसरी पायरी जहाजावर चढल्यानंतरची. पहिल्या दुपारी बहुतेक लोक बुफेच्या रांगेत किंवा जलतरण तलावापाशी असतात. त्याच वेळी डायनिंग रूमच्या दाराशी जाऊन मैत्र-द म्हणजे तेथील मुख्य व्यवस्थापक किंवा हेड वेटर यांना भेटावे आणि आपली नोंद त्यांच्या यादीत आहे ना, एवढे पाहावे. एरवी एका टेबलाची व्यवस्था वेटर आणि सहायक वेटर ही जोडी पाहते, आणि त्यांच्यावर हेड वेटर असतो. विशेष आहाराचे सारे काम या हेड वेटरमार्फत चालते. पहिल्या रात्री गोड पदार्थ येण्याच्या सुमारास तो उद्याचे मेनूकार्ड घेऊन टेबलापाशी येईल, सासूबाईंच्या शेजारी वाकून एकेका पदार्थावर पेन टेकवत ‘हे चालेल, हे नको, यातून लसूण काढता येईल’ असे विचारत जाईल आणि त्यांची निवड लिहून नेईल. दुसऱ्या रात्री तीच थाळी, त्यांच्या नावाची चिठ्ठी लागून, वेगळी बाहेर येते. ही सोय बुफेत नसते, आणि म्हणूनच रात्रीचे जेवण डायनिंग रूममध्ये घ्या, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बुफेला माझा विरोध नाही. सकाळचा नाश्ता आणि बंदरावर उतरायच्या दिवसाचे दुपारचे जेवण बुफेतच सोयीचे पडते. मात्र बुफेत पदार्थांवर पाट्या असल्या तरी एका भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात जायला वेळ लागत नाही, आणि ते पाहायला तेथे कोणी उभे नसते. कडक पथ्य पाळणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

शाकाहारी मंडळींनी आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. भाज्यांच्या सुपात कोंबडीचा किंवा मांसाचा अर्क असू शकतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही हे मासे असतात. मूस, पन्नाकोट्टा यांसारख्या गोड पदार्थांत बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन असते, आणि अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून केलेले असते. मेनूकार्डावर यांतले बरेचसे लिहिलेले नसते. वेटरला ‘हे व्हेज आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘यात चिकन स्टॉक आहे का, जिलेटिन आहे का?’ असे नेमके विचारले, तर तो गॅलीत जाऊन नेमके उत्तर आणतो.

सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवाशांची संख्या मोठी असल्याने डायनिंग रूमच्या मेनूत डाळ, पनीर किंवा एखादी भाजी बहुधा असतेच. जेंटिंग ड्रीमसारख्या जहाजावर भारतीय शाकाहारी जेवणाची वेगळी सोयही आहे. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजावर तर भारतीय आणि जैन जेवण हाच नेहमीचा व्यवहार आहे. युरोप किंवा अलास्काच्या जहाजांवर मात्र वर सांगितलेली तयारी दुप्पट काळजीने करावी.

प्रश्न (ठाणे) : आम्हाला बुकिंगच्या वेळी पहिली पंगत, दुसरी पंगत आणि ‘हव्या त्या वेळी’ असे तीन पर्याय दिले आहेत. कोणता निवडावा? अनोळखी लोकांबरोबर एका टेबलावर बसवतात, हे खरे आहे का?

उत्तर : पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला आणि दुसरी आठ-साडेआठला बसते. ठरलेली वेळ, ठरलेले टेबल आणि सगळे दिवस तोच वेटर, ही जुन्या प्रवासी जहाजांपासून चालत आलेली पद्धत आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली वेळेचे बंधन नसलेली पद्धत रूढ केल्यानंतर इतर कंपन्यांनीही तसा पर्याय ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी सहाला जेवणे आपल्याकडे फारसे कोणाला मानवत नाही. पण सोबत लहान मुले किंवा लवकर झोपणारी वडीलधारी मंडळी असतील, तर पहिली पंगत वाटते तितकी वाईट नाही. दुपारी मात्र हात आखडता ठेवावा लागतो. दुसरी पंगत संपायला दहा वाजून जातात, आणि त्या रात्रीचा नाटक-गाण्याचा कार्यक्रम कोणत्या वेळेचा पाहायचा हेही त्यावरच ठरते.

ज्यांच्या आहारात पथ्ये आहेत, त्यांनी ठरलेलीच वेळ घ्यावी, असे मी सांगेन. ‘हव्या त्या वेळी’ या पर्यायात रोज नवे टेबल आणि बहुधा नवा वेटर मिळतो, आणि आपली सारी कहाणी रोज पहिल्यापासून सांगावी लागते. तोच वेटर असला की दुसऱ्या रात्री बसण्याआधीच टेबलावर कोमट पाणी आणि लिंबाची फोड ठेवलेली दिसते, कारण आदल्या रात्री तुम्ही ती मागितली होती. जहाजावरच्या सेवेचे जे कौतुक ऐकू येते, ते बहुतांशी या ओळखीचे आहे. हे वेटर बहुतांशी फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातून आलेले असतात. गोव्यातले तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे लोक, तर ब्रिटिश जहाजांच्या काळापासून या कामात आहेत, आणि बोटीवर चढण्याआधी व उतरल्यावर त्यांना आसरा देणारे कूड मुंबईत धोबीतलावच्या परिसरात आजही उभे आहेत. त्यामुळे तुमच्या टेबलाशी उभा असलेला माणूस कोकणीतच तुमची चौकशी करू लागला, तर नवल वाटू नये.

सहा-आठ जणांच्या टेबलावर अनोळखी कुटुंबांना एकत्र बसवतात, हे खरे आहे. नको असेल तर बुकिंगमध्ये तसे लिहावे. राहून गेले असेल तर पहिल्याच दुपारी सांगावे. तिसऱ्या रात्री टेबल बदलून मागणे सर्वांनाच अवघड जाते.

प्रश्न (कोल्हापूर) : मागच्या सहलीत आमच्या खात्यावर रोज माणशी ठरावीक रक्कम ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून लागत गेली आणि शेवटच्या दिवशी चार जणांचा आकडा पाहून आम्ही चक्रावलो. तिकिटाचे पैसे भरल्यावर ही बक्षिशी सक्तीची कशी? ती काढून घेता येते, असे कळले. काढावी का?

उत्तर : बऱ्याच कंपन्यांत ती गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर जाऊन कमी करता किंवा काढून घेता येते, हे खरे आहे. तरीही सेवा खरोखर वाईट मिळाल्याशिवाय ती काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी पद्धतीच्या जहाजांवर ही रक्कम सध्या माणशी रोजी साधारण १६ ते २० डॉलर असते. ती केबिन साफ करणारा, वेटर, सहायक वेटर आणि पडद्याआडची इतर मंडळी यांच्यात वाटली जाते, आणि त्यांच्या एकूण कमाईचा तो मोठा भाग असतो. ही रक्कम तिकिटातच धरून एक आकडा सांगावा, ही तुमची अपेक्षा अगदी रास्त आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९मध्ये वेगळी ग्रॅच्युइटी लावणे बंद केले, म्हणजे तसे करणे अशक्य नाही. पण कंपनीच्या हिशेबाच्या रीतीचा राग, आठ-नऊ महिने घरापासून दूर राहून रोज दहा-बारा तास राबणाऱ्या वेटरच्या पाकिटावर काढणे बरोबर नव्हे.

पुढच्या वेळी ही रक्कम सहलीच्या खर्चात आधीच धरावी, म्हणजे शेवटच्या दिवशी धक्का बसणार नाही. बहुतेक कंपन्यांत ती आगाऊही भरता येते. दारू, डबाबंद शीतपेये आणि स्पेशॅलिटी म्हणजे वेगळे पैसे आकारणाऱ्या रेस्टॉरंटमधले जेवण यांच्या बिलात १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच मिळवलेले असते. सहीच्या जागेवर ‘जादा टीप’ची रिकामी ओळ असली, तरी ती भरण्याची सक्ती नसते.

प्रश्न (नागपूर) : जहाजावर पोट बिघडण्याच्या साथी येतात, असे वाचले. बुफेत जेवणे सुरक्षित आहे का?

उत्तर : या साथींच्या मागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. तो अन्नापेक्षाही हातांवाटे, म्हणजे चिमटे, कठडे, दारांच्या मुठी यांवरून अधिक फिरतो. अमेरिकी बंदरांवर येणाऱ्या जहाजांची तपासणी तेथील सीडीसी ही आरोग्य यंत्रणा करते. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास ठरते, आणि हे गुण कोणालाही इंटरनेटवर पाहता येतात. त्यांच्या नियमानुसार गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर आणि थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली ठेवावे लागतात. तेव्हा मांडून ठेवलेली गरम भाजी कोमट लागली, तर ती खाऊ नये.

दाराशी हातावर मारतात ते सॅनिटायझर या विषाणूवर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय आहे, म्हणून बुफेच्या दाराशी असलेल्या बेसिनला वळसा घालून पुढे जाऊ नये. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर सहल बुडेल या भीतीने लपवू नका; जहाजाच्या डॉक्टरांना लगेच कळवा. दोन दिवस केबिनमध्ये काढावे लागतील, पण जेवण तेथे आणून देतात.

प्रश्न (सातारा) : सिंगापूरहून सुटणाऱ्या आमच्या क्रूझच्या तिसऱ्या दिवशी संकष्टी आहे. माझा उपवास असतो. काही सोय होईल का?

उत्तर : साबुदाण्याची खिचडी मिळण्याची आशा ठेवू नका; फळे, दही, दूध, सुका मेवा आणि उकडलेला किंवा भाजलेला बटाटा हे सगळीकडे मिळते. अडचण चंद्रोदयाची आहे. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे म्हणून दिनदर्शिकेतल्या मुंबईच्या वेळेत अडीच तास मिळवू नका. सिंगापूर पूर्वेला असल्याने तेथे चंद्रही आपल्या आधी उगवतो, आणि घड्याळातला आकडा मुंबईच्या आकड्याच्या जवळपासच येतो. त्या दिवशीची स्थानिक वेळ फोनवर पाहून घ्या. तोवर दुसरी पंगत संपत आली असेल, म्हणून हेड वेटरला आदल्या रात्रीच सांगून जेवण झाकून ठेवता येईल का ते विचारा, किंवा उशिरापर्यंत उघडे असणारे उपाहारगृह पाहून ठेवा.

प्रश्न (डोंबिवली) : घरचा खाऊ आणि चहासाठी छोटी इलेक्ट्रिक किटली नेली तर चालेल का? रात्रीच्या जेवणाला सूट लागतो का?

उत्तर : किटली, इस्त्री, इंडक्शन शेगडी अशी तापणारी उपकरणे आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतात व उतरताना परत देतात. बाकरवडी, चिवडा, लाडू यांसारखा कोरडा, कारखान्यात बंद केलेल्या पाकिटातला खाऊ बहुधा चालतो; घरी शिजवलेले आणि नाशवंत पदार्थ चालत नाहीत. जहाजावरची फळे बंदरावर घेऊन उतरू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत त्याबद्दल जबर दंड होतो. चहा म्हणजे गरम पाणी आणि पिशवी, हे गृहीत धरून चहा-मसाल्याची पुडी जवळ ठेवावी आणि दूध गरम करून मागावे.

सूट लागत नाही. रात्री डायनिंग रूममध्ये पुरुषांनी अर्धी विजार आणि बनियनसारखे बिनबाह्यांचे कपडे टाळावेत, एवढाच सर्वसाधारण नियम आहे. एखादी रात्र ‘फॉर्मल’ म्हणून जाहीर होते. तेव्हा साडी, सलवार-कमीज किंवा कुडता-पायजमा चांगला शोभतो. त्या रात्री छायाचित्रकार दाराशीच उभे असतात. त्यांनी फोटो काढला म्हणून तो विकत घेणे बंधनकारक नसते.