"ते झोपेत मला मारतात"

पार्किन्सन्स (कंपवात) असलेल्या एका काकांच्या पत्नी माझ्याकडे आल्या त्या झोपेच्या गोळीबद्दल विचारायला. हे रात्रभर जागे, मीही जागी, एवढीच तक्रार. निघताना मात्र त्यांनी बाही वर सारली. दंड काळानिळा झाला होता. "झोपेत मारतात हो ताई. शिव्याही देतात. इतक्या वर्षांच्या संसारात कधी आवाज चढवला नाही. मनात एवढा राग दाबून ठेवला होता का त्यांनी?"

हा प्रश्न पार्किन्सन्सच्या घरांतून मी पुन्हा पुन्हा ऐकते आणि तो नेहमी दारात उभं राहूनच विचारला जातो. म्हणून उत्तर अगदी सरळ देते: हा राग नाही, आजार आहे.

स्वप्नं रंगतात त्या रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. म्हणून स्वप्नात कितीही धावलो तरी आपण अंथरुणातच असतो. पार्किन्सन्समध्ये ही व्यवस्था बिघडू शकते आणि स्वप्नातली लाथ खरोखरच बसते. ही स्वप्नं बहुधा कुणीतरी अंगावर धावून आल्याची असतात. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घरात कुणीतरी घुसलं होतं, मी हिला वाचवत होतो." काकू बघतच राहिल्या. मग त्यांनाच आठवलं, हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून काका झोपेत ओरडायचे. अनेकांच्या बाबतीत असंच असतं, हे लक्षण कंपाच्या आधी काही वर्षं येतं.

डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आपण झोपेत हातपाय मारले हे रुग्णाला सकाळी बहुतेकदा आठवत नाही आणि पत्नीला सांगायची लाज वाटते. मी काकूंना मोबाइलवर चित्रण करून न्यायला सांगितलं, सगळ्या औषधांच्या यादीसकट, कारण नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. यावर मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात. पण क्लोनाझेपामने रात्री उठताना तोल जाऊ शकतो, त्यामुळे मनाने गोळी घेणं धोक्याचंच.

पलंगाजवळचं टोकदार टेबल हलवलं, खाली जाड गादी अंथरली. ओरडायला लागले की अंगाला हात न लावता लांबून हाक मारायची, हेही ठरलं. अडलं ते वेगळ्या खाटेवर. "त्यांना टाकल्यासारखं वाटतं," म्हणत काकू रडल्या. मला इथे ठाम राहावंसं वाटतं. सांभाळणाऱ्या माणसाला मार बसणार नाही आणि झोप मिळेल, ही सोय उपचाराइतकीच गरजेची आहे. शेवटी त्याच खोलीत, हातभर अंतरावर दुसरी खाट आली.

डॉक्टरांनी मेलाटोनिन सुरू केलं. हात उगारणं कमी झालंय, थांबलेलं नाही. लघवीला उठणं तसंच आहे. पहाटे लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या औषधाचा, असर ओसरला की काकांना कूसही बदलता येत नाही. त्या डोसबद्दल पुढच्या भेटीत विचारायचं काकूंनी लिहून ठेवलं आहे.